नऊच्या पुढचे दहा

२०२४ चा जुलै. खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या मॅनेजर काकांचा सकाळी नऊला फोन आला. "ताई, पिग्मीचं व्याज अजून चुकतंयच की. मी वहीत काढलेलं येगळं येतंय."

आमच्या प्रोग्रॅममध्ये पिग्मीच्या, म्हणजे रोज थोडी थोडी भरायच्या ठेवीच्या, व्याजात २९ फेब्रुवारीचा दिवस मोजलाच जात नव्हता. ती चूक मीच दुरुस्त केली होती आणि आदल्या आठवड्यात १.१०.० ही आवृत्ती सोडली होती. तालुक्यात पावसात लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक संस्थेत एकाच संगणकावर आमचं वेब ॲप्लिकेशन बसवलेलं असतं आणि बाकीचे त्याच्याशी ब्राउझरमधून जोडलेले. रोज रात्री एक छोटी स्क्रिप्ट आमच्या सर्व्हरला विचारते, नवीन काही आहे का? असेल तर उतरवून घेते. त्यामुळे मी काकांना ठामपणे सांगितलं, "तुमच्याकडे नवीनच आहे, ब्राउझर बंद करून परत उघडा." ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे, तुमी येऊन बगा."

बेळगावच्या टिळकवाडीतून निघून भिजतच पोचले. पानाच्या तळाशी आवृत्ती लिहिलेली होती: १.९.३.

लॉग, म्हणजे स्क्रिप्टने केलेल्या कामाची नोंद, उघडला. आठ दिवस रोज रात्री एकच ओळ, "नवीन आवृत्ती उपलब्ध नाही." स्क्रिप्ट चालत होती, सर्व्हरशी बोलतही होती. पण ती आवृत्तीचे आकडे मजकूर म्हणून ताडून बघत होती, एकेक अक्षर. १ सारखा, टिंब सारखं, मग इकडे ९ आणि तिकडे १. एक नवापेक्षा लहान, म्हणून १.१०.० जुनी ठरली. आवृत्तीतले तीन आकडे स्वतंत्र असतात. पहिला वाढतो जुन्याशी न जुळणारा बदल झाला की, दुसरा नव्या सुविधेला, तिसरा दुरुस्तीला. 'सिमँटिक व्हर्जनिंग'च्या नियमांत तर १.९.० नंतर १.१०.० आणि मग १.११.० हेच उदाहरण दिलेलं आहे. मी ते वाचलेलं होतं.

काकांना हे कसं सांगावं, असा विचार करत होते. कागदावर दोन्ही आकडे लिहिले मात्र, ते म्हणाले, "हे तर सर्व्हे नंबरासारखं. आमचा उतारा ४५/१० चा हाय. हिस्सा नऊच्या म्होरं धा. त्येला कुनी ४५/१ च्या जवळ बसवलं तर भावकीत डोकी फुटतील." इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

खरी अडचण पुढे होती. तुलना करणारा कोड स्क्रिप्टमध्येच, आणि स्क्रिप्ट जुन्या आवृत्तीत अडकलेली. ती दुरुस्त करून १.१०.१ सोडली तरी कुणाकडेच पोचणार नव्हती. अशा चौदा संस्था होत्या. ऑफिसातला सहकारी फोनवर म्हणाला, "सरळ २.०.० सोडूया, दोन एकापेक्षा मोठा आहे, सगळे उतरवून घेतील." चाललं असतं. पण पहिला आकडा वाढला की जुनं काहीतरी मोडणार, असं आपण वापरणाऱ्याला सांगत असतो, आणि आमचं काहीच मोडलेलं नव्हतं. खोटा आकडा मला नको होता.

म्हणून गिटमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनात, १.९.३ च्या टॅगवरून (त्या आवृत्तीच्या कोडवर लावलेल्या खुणेवरून) वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची फांदी, काढली. प्रत्येक आवृत्तीला टॅग लावायचा हट्ट त्याच सहकाऱ्याचा; तो नसता तर नेमका कुठला कोड संस्थांकडे गेलाय हे शोधण्यातच दिवस गेला असता. ब्रँचमध्ये दोनच गोष्टी घातल्या: आकडे वेगळे काढून ताडणारी तुलना आणि व्याजाची दुरुस्ती. तिला नाव दिलं १.९.४. तीनापेक्षा चार मोठा, हे जुन्या स्क्रिप्टलाही कळतं. पहिल्या रात्री १.९.४ जाईल, दुसऱ्या रात्री नवी तुलना १.१०.० ओळखेल.

हे करताना जाणवलं की व्याजाची दुरुस्ती मी पहिल्यांदाच अशी स्वतंत्र सोडायला हवी होती. मी ती मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींतल्या पावतीच्या नव्या सुविधेबरोबर बांधली, आणि पावतीपायी लोकांचं व्याज आठ दिवस अडकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तेरा संस्थांकडे १.१०.० दिसत होतं. चौदावी निपाणीकडची, तिथं संगणक रात्री बंद ठेवतात; त्यांना फोनवर सांगून दोनदा हाताने स्क्रिप्ट चालवायला लावली. दुपारी काकांचा फोन आला. भाजी विकणाऱ्या एका मावशींच्या पिग्मी खात्यात राहिलेले अकरा रुपये जमा झाले होते, आणि वहीतला आकडा जुळला होता.