अख्ख्या देशावर प्रशासक

न्यूफाउंडलंड हा आज कॅनडाचा एक प्रांत आहे. पण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तो स्वतःचं विधिमंडळ आणि स्वतःचा पंतप्रधान असलेला डोमिनियन, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातला स्वतःचा कारभार स्वतः चालवणारा देश होता, मानाने कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या बरोबरीचा. माणसं मात्र तीन लाखांच्या आतच. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आज त्याच्या जवळजवळ तिप्पट आहेत. या चिमुकल्या देशाने 11 जून 1932 ला सार्वत्रिक निवडणूक घेतली आणि त्यानंतरची थेट 1949 मध्ये. मधे कुणी लष्कर आणलं नाही की बंड केलं नाही. लोकांनी निवडून दिलेल्यांनीच सभागृह बंद केलं आणि किल्ल्या लंडनच्या हाती दिल्या.

मला हे कळलं भाच्यामुळे. तो तिथल्या राजधानीत, सेंट जॉन्सला शिकतो आणि थंडीने वैतागला की मावशीला फोन करतो. मी मालवणजवळच्या एका मच्छीमार सोसायटीत लेखनिक होते. डिझेलचं रजिस्टर, बर्फाची बिलं, उचलीची खाती आणि प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही, यांतच नोकरी गेली. त्यामुळे या निवडणुकीची गोष्ट वाचताना माझं लक्ष पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा वह्यांकडेच गेलं.

आधी मासा. तिथे कॉड. तो चिरायचा, मिठात घालायचा आणि किनाऱ्यावर लाकडी मांडव बांधून त्यावर वाळवायचा. वाळवणं, उलटणं, पाऊस आला की धावत जाऊन झाकणं हे काम बहुतेक बायकांचं. वसंतात व्यापारी मच्छीमाराला मीठ, दोर, जाळी, पीठ, चहा सगळं उधारीवर द्यायचा आणि शरद ऋतूत सुकवलेला मासा ताब्यात घ्यायचा. भाव व्यापाऱ्याचा, प्रतही व्यापाऱ्याच्याच माणसाने ठरवायची. रोकड हातात पडायचीच नाही. आमच्याकडे एजंटची उचल घेतलेल्या नौकामालकाला हे समजावून सांगायची गरज नाही. मासा ज्याची उचल त्याच्याच काट्यावर जातो. विल्यम कोकर नावाच्या माणसाने 1908 मध्ये तिथे मच्छीमारांची युनियन काढली, स्वतःची दुकानं चालवली, आमदार निवडून आणले, पण व्यापाऱ्याची वही काही बंद झाली नाही.

आणि मग देशाचंच खातं तसं झालं. रेल्वेचं कर्ज होतंच, त्यावर पहिल्या महायुद्धाचं. 1 जुलै 1916 ला फ्रान्समधल्या ब्यूमाँ-आमेलला त्यांच्या पलटणीचे आठशेच्या आसपास जवान चढाईला निघाले, दुसऱ्या दिवशी हजेरीला फक्त 68 उभे राहिले. माणसंही गेली आणि पलटण उभी करायला काढलेलं कर्ज डोक्यावर राहिलं. 1929 नंतर जगभर मंदी आली, खारवलेल्या माशाचा भाव कोसळला. एकूण कर्ज 10 कोटी डॉलरच्या घरात गेलं आणि वर्षाच्या महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा नुसत्या व्याजात जाऊ लागला. आपल्याच ताब्यातला लॅब्राडोरचा अवाढव्य मुलूख कॅनडाला विकायची तयारी दाखवून झाली. कॅनडाने घेतला नाही. माणशी दिवसाला सहा सेंटचं सरकारी रेशन सुरू झालं, त्यात ब्राऊन पीठ. लोकांना ते पीठ अजिबात आवडायचं नाही. उपाशी माणसानेही तक्रार केली, हे मला आवडलं.

आता प्रोसिडिंग बुक. फेब्रुवारी 1932 मध्ये अर्थमंत्री पीटर कॅशिन राजीनामा देऊन बाहेर पडला आणि त्याने पंतप्रधान सर रिचर्ड स्क्वायर्सवर आरोप केला की मंत्रिमंडळाच्या इतिवृत्तात फेरफार केले आहेत, स्वतःला मिळणाऱ्या पैशांवर पांघरूण घालायला. गव्हर्नरने चौकशी करून वह्या ठीक असल्याचं सांगितलं. लोकांना ते पटलं नाही. प्रोसिडिंग लिहिणाऱ्या बाईचं मत विचाराल तर सभेत काय झालं आणि वहीत काय उतरलं यात अंतर पडायला खाडाखोडही लागत नाही. "यावर चर्चा होऊन" या नेहमीच्या तीन शब्दांत अर्ध्या तासाची शिवीगाळ मी स्वतः बसवलेली आहे.

5 एप्रिलला सेंट जॉन्सच्या एका थिएटरात सभा झाली आणि तिथून मिरवणूक विधिमंडळाच्या इमारतीवर गेली. दहा हजारांचा जमाव असं म्हणतात. काचा फुटल्या, लोक आत घुसले. स्क्वायर्स संध्याकाळपर्यंत आत अडकून पडला होता. शेवटी बाहेर पडून जवळच्या एका घरात शिरला आणि मागच्या बाजूने टॅक्सीने निसटला.

दोन महिन्यांनी मतदान झालं. 27 पैकी 24 जागा फ्रेडरिक आल्डरडाइसच्या पक्षाला. हा माणूस दोरखंडाच्या कारखान्याचा व्यवस्थापक, म्हणजे मच्छीमारांना दोर पुरवणाऱ्यांपैकीच. स्क्वायर्सच्या लिबरलना दोन जागा. तो स्वतः पडला आणि त्याची बायको हेलेनाही पडली. ही हेलेना 1930 च्या पोटनिवडणुकीत निवडून आलेली तिथली पहिली स्त्री सदस्य. बायकांना मत 1925 मध्ये मिळालं होतं, तेही पुरुषांना 21 व्या वर्षी तर बायकांना 25 व्या. त्यांनी पहिल्यांदा सार्वत्रिक मतदान केलं 1928 ला, दुसऱ्यांदा 1932 ला, आणि झालं. दुकान बंद!

आल्डरडाइसच्या जाहीरनाम्यातच एक कलम होतं: काही वर्षांसाठी देशाचा कारभार एखाद्या आयोगाकडे द्यावा का, हे तपासू, पण लोकांना विचारल्याशिवाय काही करणार नाही. माझा सगळा राग या कलमावर आहे. कारण पुढे लॉर्ड अॅमल्री यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन, म्हणजे ब्रिटिश सरकारचं चौकशी मंडळ आलं, त्याने सांगितलं की देश राजकारणामुळे बुडाला, त्याला काही वर्षं राजकारणापासून विश्रांती द्या. आणि 1933 च्या शेवटी विधिमंडळाने ते मान्य करून टाकलं. लोकांना विचारलं नाहीच. 16 फेब्रुवारी 1934 ला एका हॉटेलच्या बॉलरूममध्ये समारंभ झाला आणि आयोगाने कारभार हाती घेतला. गव्हर्नर, तीन ब्रिटिश आयुक्त आणि तीन तिथलेच. त्या तिघांत आल्डरडाइस होताच!

काळ बघा. इकडे 1928 च्या नेहरू अहवालाने डोमिनियन दर्जा मागितला, तो मिळेना म्हणून 1929 ला लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला, 1930 च्या मे महिन्यात आपल्या शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनी लाठ्या खाल्ल्या. आणि तिकडे खाऱ्या माशावर जगणारा एक देश हातातला डोमिनियन दर्जा परत करत होता. मालवणच्या रापण ओढणाऱ्या मच्छीमाराला तेव्हा मत नव्हतंच म्हणा, प्रांतिक कौन्सिलचं मत सारा आणि कर भरणाऱ्यांचं.

आमच्या सोसायटीवरही एकदा प्रशासक बसला होता. कमिटीत दोन तट पडले होते, सभा व्हायच्या नाहीत. प्रशासक आला तेव्हा सभासद म्हणाले, "बरा झाला गे, भांडणां तरी थांबली." खरंच थांबली. साहेब सभ्य होते, सह्या वेळेवर, खर्चाला शिस्त. पण ऐन हंगामात बर्फाचा तुटवडा झाला तेव्हा नौकेचा तांडेल कुणाच्या दारात जाऊन ओरडणार? चेअरमन गावातला होता, त्याच्या अंगणात रात्री अकरालाही उभं राहता यायचं. साहेबांची बदली झाली, दुसरे आले. 2022 पासून आपल्या जिल्हा परिषदांवर प्रशासक होते तेव्हा रस्त्याच्या खड्ड्यासाठी कुणाला धरायचं हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल.

न्यूफाउंडलंडच्या आयोगानेही वाईटच केलं असं नाही. लहान लहान दवाखाने काढले, दूरच्या वस्त्यांसाठी 1935 मध्ये रेंजर दल उभं केलं. मग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे तळ आले, लोकांच्या हाती रोख मजुरी आली. पैसा आला तरी निवडणूक आली नाही, हे लक्षात घ्या. दिवाळखोरी हे जर कारण होतं तर ते संपल्यावर किल्ल्या परत मिळायला हव्या होत्या.

अखेर 1948 ला दोनदा सार्वमत झालं. पुन्हा स्वतःचं जबाबदार सरकार, की कॅनडात विलीनीकरण? दुसऱ्या फेरीत 52.3 टक्के कॅनडाच्या बाजूने. कॅनडाची बाजू लावून धरणारा जोसेफ स्मॉलवूड हा 1932 च्या निवडणुकीत लिबरलांकडून उभा राहून पडलेला उमेदवार. त्याचा हुकमी एक्का म्हणजे मुलांमागे दर महिन्याला मिळणारा भत्ता, आणि त्याचा चेक आईच्या नावाने. 31 मार्च 1949 ला विलीनीकरण झालं.

भाचा म्हणतो, मावशी, भत्त्यासाठी देश विकला. मी म्हणते, लेका, तू कधी व्यापाऱ्याच्या वहीत नाव असलेल्या घरात चूल पेटवली आहेस का? आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा चेक आला तर मी काय केलं असतं, ते तुला सांगायची गरज नाही. आपल्याकडे बायकांच्या खात्यात दीड हजार आले तेव्हा नाकं मुरडणारे पुरुषच होते. माझं भांडण 1948 च्या मतदाराशी नाही. त्यांना निदान विचारलं तरी. भांडण आहे ते 1933 च्या त्या 24 जणांच्या बहुमताशी. त्यावर भाचा म्हणतो की तेव्हा विचारलं असतं तरी लोकांनी आयोगच मागितला असता. असेल. मग विचारायला काय जड जात होतं?