१७४ वर चार स्वभाव: सेट कुठवर आला

तासाभराचा ड्रम अँड बेसचा डीजे सेट आता आकाराला येतोय. त्यातले चार प्रकार, लिक्विड (मुलायम, सुरेल), जंगल (जुना, तोडलेल्या ड्रम ब्रेक्सचा), न्यूरोफंक (काळोखा, करकरीत बेसचा) आणि हाफटाइम (ठोका निम्म्या वेगाचा) एकत्र वाजवायचंय, पण ऐकणाऱ्याला प्लेलिस्ट शफलवर टाकल्यासारखं वाटता कामा नये. ड्रम अँड बेसची सोय अशी की हल्लीचा बहुतेक माल १७० ते १७६ बीपीएममध्ये (मिनिटाला इतके ठोके) बसतो. टेम्पो जुळतोच, डोकेफोड सगळी बेसची आणि पोताची.

लिक्विडवरून न्यूरोवर जाणं सोपं निघालं. ब्रेकडाउनमध्ये (ड्रम थांबतात त्या भागात) पॅड्स, म्हणजे पसरट सूर, लांबले की खालून न्यूरोचा इंट्रो सरकवायचा आणि ड्रॉपच्या (ड्रम-बेस पुन्हा कोसळतात त्या क्षणाच्या) एक बार, म्हणजे चार ठोके, आधी जुन्याचा लो (खालचा बेस) बंद. १७४ ला १६ बार म्हणजे २२ सेकंद, हात मोकळे राहतात.

घोळ आहे तो जंगलचा. १९९३-९४ चे बरेच ट्रॅक १६० ते १६५ च्या आसपासचे. १६४ चा ट्रॅक १७४ ला न्यायचा तर पिच सहा टक्के वर, म्हणजे जवळपास अर्धा स्वर. पेटीच्या भाषेत पांढरी सहा गेली काळी पाचवर. की लॉक (वेग बदलला तरी की, म्हणजे स्वरपट्टी, तीच ठेवणारी सोय) लावला तर स्वर जागेवर राहतो, पण अमेन ब्रेकच्या स्नेअरची धार जाते आणि मधल्या हलक्या ठोक्यांचा चिखल होतो. आता हा ब्रेक, म्हणजे नुसत्या ड्रमचा तुकडा, मुळात १९६९ चा, द विन्स्टन्सच्या ‘अमेन, ब्रदर’मधला, ग्रेगरी कोलमनने वाजवलेले चार बार. जंगलवाल्यांनी तो आधीच पळवून वर चढवलेला. त्यात आणखी अर्ध्या स्वराने काय बिघडणार? उलट ताव येतो. म्हणून जंगलच्या भागात की लॉक बंद, आणि पुढचा ट्रॅक चढलेल्या स्वराशी जुळणारा निवडायचा. लायब्ररीत अशा ट्रॅकना आता दोन-दोन की लिहून ठेवल्यात.

हाफटाइमची धास्ती होती, की सेट तिथे बसणार. पण पथकात ताशा वाजवणाऱ्या मित्राने ऐकता ऐकता टेबलावर हॅट्सच्या (ड्रमच्या झांजांच्या) जागी तर्री (ताशाचा सलग जलद बोल) धरली आणि खाली पायाने ८७ चा ठोका. गणपतीआधी नदीपात्रात सराव चालतो तेव्हा ढोल असाच निवांत पडतो आणि ताशा त्याच्या डोक्यावर धावतो. त्यामुळे हाफटाइममध्ये जाताना आधीच्या ट्रॅकच्या हॅट्स मी १६ बार तशाच चालू ठेवतो. वेग मोडत नाही, जमीन तेवढी बदलते.

दर ट्रॅकला कूस बदलणं मात्र बंद केलंय. एका पोतात निदान तीन ट्रॅक, मगच वळण. ड्रम अँड बेसचा नावाजलेला डीजे अँडी सी भराभर मिक्स करतो हे खरं, पण त्याचे हात त्याच्याकडे! जंप-अप (ड्रम अँड बेसचाच उड्या मारायला लावणारा प्रकार) तूर्त बाहेर. चाहते रागावतील, पण कोथरूडच्या फ्लॅटमधल्या छोट्या स्पीकरवर त्याची निम्मी गंमत उडते. सबचा (अगदी खोल बेसचा) अंदाज सध्या हेडफोनवर घेतो आणि पक्की तपासणी मित्राच्या गाडीत, खडकवासल्याच्या रस्त्यावर.

आता डबल ड्रॉप (दोन ट्रॅकचे ड्रॉप एकाच क्षणी) राहिलाय. न्यूरोचा रीस बेस (जाड, घुमत राहणारा) आणि जंगलचा सब एकत्र आले की दोघं भांडतात, एकाचा लो पूर्ण काढला तर ड्रॉप पोकळ होतो. ज्यात सब कमी आणि मिड्स (मधल्या पट्टीचे आवाज) भरपूर असा न्यूरो ट्रॅक कुणाकडे असेल तर की आणि बीपीएमसकट सुचवा.