व्होल्ट भागिले अँपिअर

स्मरणिकेसाठी आठवण लिहा असा निरोप आला. स्नेहसंमेलन, सहल, कबड्डीचे सामने हे विषय बाकीची मंडळी सोडणार नाहीत, म्हणून मी प्रयोगशाळा घेतो. त्यातही बॅटरी, प्लग की, धारा नियंत्रक, अ‍ॅमीटर आणि व्होल्टमीटर मांडलेलं ते एकच टेबल.

आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांचा एक दंडक होता. प्रयोगवहीत विभवांतर आणि विद्युतधारेच्या रकान्यांपुढे पुस्तकात फक्त रोधाचा रकाना असे. सर शक्तीचा चौथा आखायला लावत. "वाचनं तीच आहेत ना? मग भागलंत तसं गुणूनही टाका." नायक्रोमच्या तारेला ३ व्होल्ट दिले की ०.५ अँपिअर धारा. भागाकार ६ ओहम, गुणाकार १.५ वॅट. विभवांतर निम्मं केलं की धारा ०.२५ अँपिअर. रोध पुन्हा ६ ओहमच, शक्ती मात्र ०.३७५ वॅट, म्हणजे थेट पाव. एक रकाना जागचा हलत नाही आणि शेजारचा उड्या मारतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर शक्ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते हे वेगळं समजावून सांगायची वेळ आली नाही. जोडणीबद्दल जास्त लिहीत नाही. अ‍ॅमीटर एकसर, व्होल्टमीटर समांतर. ज्यांनी उलट केलं त्यांना सरांचा आवाज अजून आठवत असेल.

खरी गंमत तार काढून टॉर्चचा बल्ब बसवला तेव्हा झाली. ०.२ व्होल्टला ०.१ अँपिअर, म्हणजे २ ओहम. २.५ व्होल्टला ०.३ अँपिअर, म्हणजे ८ ओहमच्याही वर! आलेखाचे बिंदू काही केल्या रेषेत बसेनात. वर्गातल्या हुशार मुलांनी बिंदूच सरळ करायला घेतले, तेव्हा सरांनी त्यांचे खोडरबर जप्त केले. भागाकार बरोबरच आहे, म्हणाले. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो, आणि तुमचा भागाकार त्या घडीचा रोध सांगतो. धारा विभवांतराच्या समप्रमाणात असते, या ओहमच्या नियमाच्या वाक्यातले "तापमान व इतर भौतिक अवस्था कायम असताना" हे शब्द आम्ही तोवर निव्वळ गुणांसाठी घोकत होतो.

या तासाला ओहमची गोष्ट ठरलेली. गेओर्ग ओहम हा कलोनच्या शाळेत शिकवणारा मास्तर. सुरुवातीच्या प्रयोगांत त्याच्या घटांचं विभवांतर सारखं ढळायचं. मग पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाच्या सुचवण्यावरून त्याने बिस्मथ आणि तांब्याचं तापयुग्म, म्हणजे सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर विभवांतर देणारी दोन धातूंची जोडी, घेतलं, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. तापमानं पक्की, म्हणून विभवांतरही पक्कं. १८२७ साली त्याचं पुस्तक निघालं, पण मायदेशात त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ली पदक दिलं. हा नियम शाळामास्तराने शोधला, याचा सरांना कोण अभिमान!

तरीही माझ्या लेखी सरांचा सगळ्यात भारी तास दोन दिव्यांचा. एकावर २३० व्होल्ट, ६० वॅट छापलेलं. दुसऱ्यावर २३० व्होल्ट, १०० वॅट. दोन्ही एकसर जोडले तर जास्त कोणता उजळेल? सगळे हात शंभराच्या बाजूने वर गेले. बटण दाबलं, तर साठाचा दिवा उजळ आणि शंभराचा नुसता तांबूस. मग फळ्यावर हिशेब. विभवांतराचा वर्ग भागिले वॅट, म्हणजे साठाच्या दिव्याचा रोध सुमारे ८८२ ओहम आणि शंभराच्याचा ५२९. एकसर जोडणीत दोघांतून धारा एकच, आणि शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध. ज्याचा रोध जास्त, त्याची चैन. समांतर जोडा, आता विभवांतर समान, की पारडं फिरलं. या रोधांनी हिशेब केला तर साठाच्या दिव्याला सुमारे २३ वॅट मिळतात आणि शंभराच्याला १४. प्रत्यक्षात तारा पुऱ्या तापत नाहीत, त्यामुळे आकडे थोडे वेगळे येतात, क्रम तोच राहतो. रोध वाढला की उष्णता वाढते की घटते, असं कुणी विचारलं की मी आजही उलट विचारतो: समान काय आहे ते आधी सांगा.

पुढे मी मोटरींच्या कामात पडलो. तिथे सरांचे दोन्ही रकाने एकदम बंड करतात. २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेणाऱ्या चालू मोटरीचा भागाकार ४६ येतो, आणि सप्लाय काढून मल्टिमीटर लावला तर वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जेमतेम ४ ओहम. गुणाकार ११५०, वॅटमीटर दाखवतो ९२०. एसीत धारा विभवांतराच्या मागे पडते, म्हणून शक्तिगुणकाने, इथे ०.८ ने, गुणावं लागतं. त्या ४६ मध्ये तारेचा रोध थोडाच. बाकी करामत चुंबकीय क्षेत्राची आणि फिरणाऱ्या रोटरची.

पण रोटर जाम झाला की त्याच्या फिरण्याने धारेला मिळणारा आडोसा जातो. धारा ५ वरून २० अँपिअरवर चढली, तर त्याच ४ ओहममध्ये १०० वॅटऐवजी १६०० वॅट उष्णता होते. धारा मर्यादेबाहेर गेली की सप्लाय तोडणाऱ्या ओव्हरलोड रिलेने त्याआधी ट्रिप व्हायला हवं. जळलेलं वाइंडिंग घेऊन येणारे बरेचदा तारेच्या दर्जावरून वाद घालतात. मी कागदावर हा गुणाकार मांडतो आणि विचारतो, रिलेची सेटिंग कुणी वाढवली होती?