शॉट ग्लासातला पांढरा रस्सा

कोल्हापुरात जाऊन मी शाकाहारी जेवले, आणि तेही एसी हॉटेलात, नॅपकिनचा पंखा करून ठेवलेल्या टेबलावर. ऑफिसात हे सांगितल्यावर दोघातिघांनी कीव केल्यासारखं बघितलं. पण वार शुक्रवार होता. मामाच्या घरी अंबाबाईच्या वारी मटण शिजत नाही.

सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसनं उतरलो, दर्शनाची रांग झाली, मग जोतिबा, मग पन्हाळा. गडावर पिठलं-भाकरी आणि ठेचा खाल्ला, वारा खाल्ला, फोटो काढले. सगळं ठरल्यासारखं पार पडलं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते रात्रीच्या जेवणाबद्दल.

बेत मामेभावाचा. त्याचं शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीशी संबंधित काम आहे. बाहेरून कुणी कस्टमर आले की तो त्यांना याच हॉटेलात आणतो. "आत्या पहिल्यांदाच सवडीनं आलीय, एकदम क्लास ठिकाणी नेतो," म्हणाला. क्लास होतंच. दिवे इतके मंद, की आईनं मेनूकार्ड मोबाइलच्या टॉर्चवर वाचलं. वेटरनं हिंदीत विचारलं, "स्पायसी चलेगा?" मामा जन्मापासून मंगळवार पेठेत राहतोय. त्यानं त्या पोराकडे असं बघितलं, की मलाच त्या पोराची दया आली.

मेनूत 'व्हेज तांबडा-पांढरा' होता. तो मागवला आणि इथेच सगळं बिनसलं. पांढरा रस्सा आला तो शॉट ग्लासांत, लाकडी फळीवर ओळीनं मांडून, प्रत्येकावर कोथिंबिरीचं एकेक पान. नारळाचं दूध, काजू, खसखस, पांढरी मिरी, सगळं जागच्या जागी होतं. मला तर आवडला. मामानं मात्र एका घोटात ग्लास रिकामा केला, फळीवर उलटा ठेवला आणि म्हणाला, "अळणीच नाही तर ह्यो पांढरा कसला? नारळाचं दूध म्हण की सरळ." मटण शिजवलेलं अळणी पाणी शाकाहारी हॉटेलात कुठून येणार, हे त्यालाही कळत होतंच. त्याचं खरं दुखणं वेगळं होतं. थोड्या वेळानं त्यानं ग्लास पुढं केला आणि वेटर म्हणाला, "रिपीट करू, सर? एक्स्ट्रा पोर्शन लागेल."

कोल्हापुरात रस्स्याला एक्स्ट्रा! मटणाच्या साध्या खानावळीत वाटी रिकामी दिसायचा अवकाश, वाढपी न विचारता ओतून पुढं सरकलेला असतो. नको म्हणायला वाटीवर हात आडवा धरावा लागतो, आणि तरी बोटांवर दोन थेंब पडतातच. मामा मग गप्पच झाला. त्यानंतर जे आलं, ती व्हेज कोल्हापुरी, तो पनीरचा कसलासा रोल, त्यातलं काही त्यानं नीट खाल्लं नाही. व्हेज कोल्हापुरीबद्दल मी मामाच्या बाजूनं आहे. काजूच्या गोडसर ग्रेव्हीत वरून लाल तवंग सोडला होता. कांदा-लसूण चटणीचा त्यात मागमूस नव्हता. हीच भाजी मला ठाण्यात घराखाली मिळते, आणि निम्म्या पैशात.

आईचं मत तिसरंच. तिला ताटल्यांचा आकार खटकला. "एवढी मोठी बशी आणि मधे चमचाभर भाजी. वाढणाऱ्याचा हात आखडलाय असं वाटतं."

आणि मामी? मामी खुशीत होती. ती खुर्चीत मागं टेकून बसली होती. मामीला जेवताना टेकून बसलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. घरी ती सगळ्यांची पानं झाल्यावर बसते, तेही अर्धी उठलेलीच. कुणाला भाकरी हवी, कुणाची आमटी संपली यावर नजर. इथं वेटर तिच्या डाव्या बाजूनं वाकून "मॅडम, सर्व करू?" विचारत होता आणि ती प्रत्येक वेळी "करा की" म्हणत होती. तिनं सगळं खाल्लं, गुलकंदाचं आइस्क्रीमसुद्धा. मामानं "पोट भरलं का?" असं खोचून विचारल्यावर म्हणाली, "भरलं की. गरम गरम जेवले. वन्सं, तुम्हीच सांगा, गरम कधी मिळतंय मला?" आई काहीच बोलली नाही. मीही पनीर उकरत बसले.

मग बिल आलं. पाण्याच्या बाटल्या न मागता उघडलेल्या, त्यांचे पैसे वेगळे, पाच टक्के जीएसटी ठीकच, पण त्याआधी दहा टक्के सर्व्हिस चार्ज. मी मॅनेजरला बोलावून तो काढायला लावला. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ सालीच सांगितलंय की हा चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. मॅनेजरनं एका शब्दानं वाद न घालता नवं बिल आणलं. म्हणजे रोज कुणीतरी काढायला लावत असणार. मामेभावाचा चेहरा मात्र पडला. "ताई, मी इथं कस्टमर घेऊन येतो गं." चार्ज वाचला तेवढी टीप त्यानं वर ठेवलीच, आणि वर मला दाखवून ठेवली.

गाडीत मामानं निकाल दिला, "परत पाय ठेवणार नाही." मग गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध पिऊया म्हणाला, पण तोवर म्हशी घरी गेल्या असणार असं मामेभावानं सांगितलं. दोघांचं त्यावरूनही थोडं वाजलं.

मामी मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसून मोबाइलवर काहीतरी टाइप करत होती. भिशीच्या ग्रुपवर. पुढच्या महिन्याची भिशी तिच्याकडे होती, दरवेळी ती पंधरा-सोळा बायकांचं जेवण एकटी करते. हॉटेलचा पत्ता तिनं मामेभावाला विचारून बरोबर लिहून घेतला.

"जाणार कशानं तुम्ही सगळ्या?" मामानं पुढून विचारलं.

"तुम्ही सोडा की. आत नका येऊ."