हर्णै बंदरावर मासे घ्यायला जाताय? मग लिलावात नका घेऊ

कोकणात दापोलीजवळच्या हर्णैच्या लिलावात मासे फुकटाच्या भावात मिळतात असं जो तो सांगतो, व्हिडिओवाले तर सगळेच सांगतात. आम्ही तेच ऐकून गेलो होतो. स्पष्ट सांगतो, तुम्हाला घरापुरते दोन-तीन किलो मासे हवे असतील तर हे साफ खोटं आहे आणि सुट्टीच्या दिवशी तर अजिबात विश्वास ठेवू नका.

लिलाव कसा असतो ते आधी समजून घ्या. मोठ्या बोटी लांब पाण्यात नांगर टाकून उभ्या असतात, तिथून छोट्या होड्यांतून माल किनाऱ्याकडे येतो, बैलगाड्या थेट पाण्यात जातात आणि पाट्या भरून वाळूवर आणतात. तिथे ढीग पडतो, भोवती व्यापाऱ्यांचं कडं होतं आणि बोली सुरू होते ती इतकी फास्ट की आपल्याला आकडा कळेपर्यंत माल उचललेला असतो. बोली किलोवर नसते, अख्ख्या ढिगावर असते, वजनाचा अंदाज नजरेनेच. ते लोक वर्षानुवर्षं हेच करतात, माल लगेच बर्फात घालून टेम्पोत चढतो. त्यात तुम्ही-आम्ही बोली लावू शकत नाही आणि लावून करणार तरी काय, पाटीभर बांगडे कुठे ठेवणार?

आणि नेमकं इथेच फसवतात. गाडीतून उतरल्या उतरल्या एक पोरगा मागे लागला, काका तुम्ही फक्त मासा दाखवा, मी लिलावातून काढून देतो, व्यापाऱ्याच्या भावात. सुरमई आणली, म्हणाला दोन किलो, 1800 रुपये. काटा कुठेच नाही. साफ करायचे 200 वेगळे, ते पैसे दिल्यावर सांगितलं. सुरमई कापायला थोडं लांब नेली, पोटात गाबोळी (माशाची अंडी) होती ती आम्ही डोळ्यांनी बघितली, पिशवीत मात्र आली नाही. विचारलं तर म्हणे नव्हतीच. आणि पुढे जरा चाललो तर एक मावशी तेवढीच सुरमई गावातल्या बाईंना 1100 ला देत होत्या, कापून, डोकं आणि गाबोळीसकट! माझा संताप अजून गेलेला नाही. पैशापेक्षा ती गाबोळी गेली याचं जास्त वाईट वाटतं, कारण खाणाऱ्याला माहितीय ती काय चीज असते.

त्यामुळे ऐका. लिलाव बघा, जरूर बघा, संध्याकाळी चारच्या सुमाराला तिथे पोचा, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला आणि सगळीकडे आरडाओरडा, असं दृश्य दुसरीकडे मिळणं कठीण आहे. पण विकत घेताना लिलावातून माल घेऊन वाळूवरच वाटे (छोटे ढीग) लावून बसलेल्या बायकांकडे जा. पहिल्या मावशींकडे लगेच घेऊ नका, एक चक्कर मारा, गावातले लोक काय भाव देतायत ते कान देऊन ऐका. भाव करताना कापून देण्यासकट किती ते आधीच बोला, डोकं आणि गाबोळी आपली हेही आधीच सांगा, आणि कापून होईपर्यंत समोरून हलू नका. सुट्टे पैसे ठेवा, मोबाइलची रेंज येते-जाते, ऑनलाइन पैशांच्या भरवशावर राहू नका.

ताजेपणा स्वतः बघा. कल्ले उचलून बघा, लालभडक पाहिजेत. पापलेट कल्ल्याजवळ दाबलं की पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर सोडून द्या. कोळंबीचं डोकं लोंबत असेल तर नको. चिंबोरी (खेकडा) हातात घेऊन बघा, जड लागली पाहिजे, आणि जिवंतच घ्या. सगळ्यांनी सुरमई-पापलेटच मागू नका, भाव तिथेच चढतो. बांगडा, मांदेली, सौंदाळे यांचा वाटा निम्म्याहून कमी पैशात येतो आणि ताजा असेल तर चवीला कुठेच कमी नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा लिलावासाठी म्हणून जाऊच नका.

दापोलीहून हर्णै साधारण 15 किमी आहे, तो रस्ता ठीक आहे. त्रास आहे तो गावात शिरल्यावर बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीचा. समोरून बर्फाचे टेम्पो, मागून टुरिस्टच्या गाड्या, मध्ये बैलगाडी, आणि रिव्हर्स घ्यायला जागाच नाही. आम्ही तिथे इतका वेळ अडकलो की अर्धा लिलाव संपला. गाडी वरच लावा आणि चालत उतरा. खाली वाळूत गाडी घालणारे महाभाग असतात, भरतीचं पाणी वाढायला लागल्यावर एकाची चाकं रुतलेली बघितली, दहा-बारा जणांनी ढकलून काढली. पायात चांगली ग्रिपवाली चप्पल घाला, बूट नकोत, सगळीकडे मासळीचं पाणी आणि चिखल असतो आणि जाम घसरतं. वास ज्यांना सहन होत नाही त्यांना वरच बसवा, उगाच खाली आणून सगळ्यांचा मूड घालवू नका.

जवळचे मुरूड, कर्दे हे किनारे, आसूदचं केशवराज मंदिर हे सगळं आम्ही केलं, छान आहे, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

मासे शिजवून घ्यायचे असतील तर जिथे उतरलात तिथे सकाळीच विचारून ठेवा, दर किलोवर की ताटावर ते ठरवा, तेल-मसाला-भाकरी त्यात धरली आहे का तेही. आम्ही उतरलो होतो तिथल्या काकूंनी ती महागडी सुरमई रव्यात तळली आणि बरोबर सोलकढी दिली, आणि खरं सांगतो, इतकी चिडचिड झाल्यावरसुद्धा ते जेवण आयुष्यभर लक्षात राहील. त्या एका जेवणासाठी मी परत जाणार, फक्त मासे मावशींकडूनच घेणार.

घरी न्यायचे तर सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) आणि सुकट (सुकवलेला बारीक जवळा) घ्या. सोडे हातात दाबून बघा, ओलसर लागले तर घरी पोचेपर्यंत वास मारतील आणि ओलाव्याचं वजन तुमच्या पैशात जातं. ताजे न्यायचेच असतील तर थर्माकोलचा बॉक्स घरूनच आणा, मासे न धुता पिशवीत घट्ट बांधा, खाली-वर बर्फ घाला आणि वाटेत थांबाल तिथे साठलेलं पाणी काढून टाका.