कोलंबिया नदीचं धुकं प्लॅटिनम-पॅलेडियमवर: आतापर्यंतचं काम

प्लॅटिनम-पॅलेडियम म्हणजे या धातूंच्या क्षारांचं मिश्रण कागदावर लावून, वर निगेटिव्ह टेकवून उजेडात काढलेली प्रिंट. समोर नमुना लिली व्हाइट आणि सारा लॅड यांचा. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या या दोघींनी १९०३च्या सुमारास ‘रेसार्क’ या हाउसबोटीवरून कोलंबिया नदीची छायाचित्रं घेतली, डार्करूम बोटीतच. दोघीही छायाचित्रकार स्टिग्लिट्झच्या फोटो-सेसेशन या गटातल्या. पाणी, पलीकडचे कडे, त्यांच्याही मागचे कडे आणि मागचा प्रत्येक थर पुढच्यापेक्षा फिका.

हा फिकेपणा प्लॅटिनमची करामत समजून लोक महागड्या रसायनांवर पैसे घालवतात. खरं तर तो बराचसा प्लेटमधूनच, म्हणजे तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हमधूनच येतो. तेव्हाच्या नेहमीच्या प्लेटांना लाल रंग जवळपास दिसतच नसे, निळा मात्र भरपूर. हवेतली धूसरता निळसर, त्यामुळे लांबचं सगळं उजळ उतरतं. म्हणून डिजिटल फाइलचा फक्त निळा चॅनल घेऊन पारदर्शक ओएचपी फिल्मवर निगेटिव्ह काढायची. नॉइज (बारीक ठिपके) वाढतो, पण ६ × ८ इंचांत खपून जातो. आकाश पांढरंफटक पडतं; पडू द्यावं.

मिश्रण सध्या असं: फेरिक ऑक्झलेट (प्रकाशाला संवेदनशील लोहक्षार) १५ थेंब, पॅलेडियम १०, प्लॅटिनम ५. काचेच्या रॉडने ओढायचं, ब्रश फार पितो. कागद बफर नसलेलाच, म्हणजे अल्क न मिसळलेलाच हवा. खोलीतली आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास. कागद फार सुकला की काळे भाग पोकळ आणि दाणेदार येतात. ओलसर राहिला की निगेटिव्हवर डाग. पावसाळ्यात घाईने गरम ड्रायर मारला तर फॉग (कागदभर करडी झाक) ठरलेला, थंड हवाच द्यावी.

डेव्हलपर पोटॅशियम ऑक्झलेट, ३५ अंशांवर. एका दमात ओतायचा. हात अडखळला की आडवी रेघ उमटते आणि ती कशानेही जात नाही. हातमोजे हवेतच.

सगळ्यात चिवट दुखणं पिवळटपणाचं. बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी, त्यात मिश्रणातलं लोह कागदातच बसतं. म्हणून पहिला बाथ आरओ पाण्यात २ टक्के सायट्रिक अ‍ॅसिडचा, मग ईडीटीएचे (लोह धरून बाहेर काढणारं रसायन) दोन, प्रत्येकी ५ मिनिटं. निगेटिव्हबाहेर कोटिंग झालेली पण प्रकाशापासून झाकलेली कड कोऱ्या कागदाशी लावून बघायची. फरक दिसला तर अजून एक बाथ.

अडलंय ते हायलाइटमध्ये, म्हणजे उजळ छटांमध्ये. ओल्या प्रिंटवर मागचे दोन कडे वेगळे दिसतात. वाळल्यावर प्रिंट गडदते आणि ते एकमेकांत मिसळतात. पुढच्या निगेटिव्हमध्ये त्या छटांची घनता वाढवायची आहे, पण आधी स्टेप टॅब्लेटची (पायरीपायरीने बदलणाऱ्या छटांची मोजपट्टी) चाचणी प्रिंट पूर्ण वाळवून मोजायची.