आबांच्या डिस्चार्ज बुकातली राहिलेली ओळ

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डिस्चार्ज बुकात (फौजेतून निवृत्त होताना मिळणारं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) मेडलांचं एक पान आहे. त्यावर पाच नोंदी होत्या : सैन्य सेवा मेडल, नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस, वीस वर्षांचं लाँग सर्व्हिस, १९९७ चं स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं आणि १९९९ चं ऑपरेशन विजय. १९८८ साली आबा सात महिने श्रीलंकेत होते. त्याची नोंद त्या पानावर नव्हती आणि अख्ख्या पुस्तकात दुसरीकडेही कुठे नव्हती. ती एक ओळ लिहून घ्यायला मला दोन वर्षं चार महिने लागले.

आमच्या पश्चिम महाराष्ट्रात फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. इथली पोरं मेडलच्या रिबिनीचे रंग ओळखतात. २०२१ च्या १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणावर माजी सैनिकांचा सत्कार होता. रजेवर आलेला एक जवान आबांच्या छातीकडे बघून आदराने म्हणाला, "आबा, श्रीलंकेचं मेडल नाही लावलंत?" आबा म्हणाले, "मिळालंच नाही रे." मागच्या खुर्चीवरून कोणीतरी बोललं, "गेले असते तर मिळालं असतं." आबांनी ऐकलं, मीही ऐकलं. घरी आल्यावर त्यांनी मेडलांची पट्टी ट्रंकेत ठेवली आणि पुढच्या २६ जानेवारीला बाहेर काढली नाही. मी अर्ज लिहायला घेतला तो यामुळे. मेडलसोबत पैसे येत नाहीत हे मला माहीत होतं आणि पैशासाठी मी काही केलंही नाही.

कारगिल सगळ्यांना तोंडपाठ आहे. श्रीलंकेचं तसं झालं नाही. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत करार झाला, आपली शांतिसेना गेली आणि शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला परतली. सुमारे १,२०० जवान तिकडे कामी आले. आठ महार पलटणीच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ च्या चकमकीसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तिकडे गेलेल्यांना स्पेशल सर्व्हिस मेडल देतात आणि रिबिनीवर 'श्रीलंका' अशी पट्टी असते. आबा ड्रायव्हर होते, जाफन्याच्या रस्त्यांवर रेशन आणि दारूगोळ्याची गाडी चालवायचे. सुरुंगांची भीती असायची म्हणून पुढच्या गाडीच्या चाकोरीतच आपली चाकं ठेवायची, एवढंच ते त्या दिवसांबद्दल सांगतात.

पहिला अर्ज सप्टेंबर २०२१ मध्ये जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आबांच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयाला, गेला. सोबत डिस्चार्ज बुक आणि पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स, आधार, ओळखपत्र. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं : उपलब्ध कागदपत्रांत अशी नोंद आढळत नाही, युनिटशी संपर्क साधावा. युनिटला लिहिलं. तीन महिन्यांनी युनिटचं उत्तर : निवृत्त जवानांचे सगळे कागद रेकॉर्ड ऑफिसकडे असतात, तिकडे विचारावं. पुन्हा रेकॉर्ड ऑफिस. पुन्हा युनिट. प्रत्येक पत्रावर सही-शिक्का व्यवस्थित, जावक क्रमांक व्यवस्थित आणि प्रत्येक पत्रात बोट दुसऱ्याकडे. फोन लागला तर पलीकडून एकच वाक्य : "पार्ट टू ऑर्डर आणा."

ही पार्ट टू ऑर्डर काय ते सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. फौजेत जवानाच्या बाबतीत जे काही घडतं, म्हणजे बदली, बढती, रजा, लग्न, मूल, दवाखान्यातली भरती, ते सगळं युनिट पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतं. तिची प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदपत्रावर, चढते. ऑर्डर निघाली नाही तर ती गोष्ट कागदावर घडलेलीच नसते. आता ती ऑर्डर काढायची युनिटने, पाठवायची युनिटने, चढवायची रेकॉर्ड ऑफिसने. जवानाच्या हातात ती कधी येत नाही. मग चौतीस वर्षांनी ती जवानाकडे कशी मागता? हा प्रश्न मी पत्रात विचारला, फोनवर विचारला. उत्तर आजतागायत आलेलं नाही आणि त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

मे २०२२ मध्ये शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही दोघं स्वतः रेकॉर्ड ऑफिसला गेलो. चौदा तासांची गाडी, गेटवर पास, मग बाकड्यावर तीन तास. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि फाईल मांडीवर धरून ते ताठ बसले होते. नंबर आल्यावर खिडकीतल्या माणसाने संगणकावर नंबर टाकला, मान हलवली आणि म्हणाला, "बाबा, चौंतीस साल बाद मेडल लेके क्या करोगे?" आबा काही बोलले नाहीत. त्यांनी फाईलची नाडी बांधली. बावीस वर्षं नोकरी केलेल्या हवालदाराला त्याच्याच रेकॉर्ड ऑफिसात हे ऐकावं लागलं. परतीच्या गाडीत त्यांनी मला दोनदा सांगितलं, "पोरी, राहू दे आता." मला मात्र तेव्हाच पक्कं ठरवल्यासारखं झालं.

वाटेत एकाने सुचवलं की कॅम्पातल्या दुकानात सगळी मेडलं मिळतात, घेऊन लावून टाका. ते कृपया करू नका. फौजेच्या खऱ्या मेडलच्या कडेवर जवानाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. आणि आबांनी विकत घेतलेलं मेडल छातीला लावलं असतं तर मागच्या खुर्चीवरचा माणूस खरा ठरला असता.

परत आल्यावर मी माहिती अधिकाराचा अर्ज केला, तो माझ्या नावाने. फेटाळला गेला, कारण शीट रोल ही आबांची वैयक्तिक माहिती आणि मी कायद्याने तिऱ्हाईत. मुलगी असले तरी. दोन महिने तिथे वाया गेले. म्हणून अर्ज जवानाच्याच नावाने आणि त्याच्याच सहीने करा. दहा रुपये फी, नंतर पानामागे दोन रुपये. लष्कराला माहिती अधिकार लागू आहे. काही लोक बीएसएफ, सीआरपीएफचं उदाहरण देऊन लागू नाही म्हणतात, पण ती दलं कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत, लष्कर नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये शीट रोलची अकरा पानं घरी आली. बावीस रुपयांची. हे मी पहिल्याच दिवशी मागायला हवं होतं.

जेवणाच्या टेबलावर ती पानं ओळीने मांडली. वेगवेगळ्या कारकुनांची अक्षरं, कुठे निळी शाई, कुठे काळी. टीओएस म्हणजे युनिटच्या हजेरीत घेतलं, एसओएस म्हणजे हजेरीतून काढलं, हे आबा मला शिकवत होते. चौथ्या पानावर फेब्रुवारी १९८८ ची एक ओळ होती आणि तिच्या खालची ओळ थेट ऑक्टोबर १९८८ ची. मधले सात महिने आबा कुठे होते, ते फौजेलाच माहीत नव्हतं. पण फेब्रुवारीच्या ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात 'अटॅच्ड', म्हणजे तात्पुरतं दुसरीकडे जोडलेलं, असं आणि पुढे एका दुसऱ्याच युनिटचं संक्षिप्त नाव होतं. आबांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्याजवळ धरलं आणि म्हणाले, "हीच ती पलटण. ह्यांच्याच गाड्या चालवायला धाडलं होतं आम्हाला."

तोवर मी चौदा महिने रेकॉर्ड ऑफिसला आणि आबांच्या मूळ युनिटला पत्रं लिहीत होते. मूळ युनिटकडे कागद नव्हताच, कारण श्रीलंकेत आबा त्या युनिटसोबत नव्हतेच. ज्यांच्यासोबत होते त्यांना मी एक ओळही लिहिली नव्हती. तुमचा माणूस ड्रायव्हर, कूक, मेकॅनिक, नर्सिंग असिस्टंट, ऑपरेटर असा अटॅचमेंटवर जाणारा असेल तर सगळ्यात आधी हे शोधा : त्या काळात तो कुठल्या युनिटच्या लंगरात (जवानांच्या जेवणघरात) जेवत होता. मूळ युनिट वेगळं आणि लंगर वेगळं असेल तर कागद लंगरवाल्यांकडे आहे.

पुरावे म्हणाल तर आईच्या डब्यात त्या वर्षाची इनलँड पत्रं होती. त्यांवर फील्ड पोस्ट ऑफिसचे, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचे, तारखेचे शिक्के. हे शिक्के मेडलसाठी पुरावा म्हणून धरत नाहीत, पण मला महिने पक्के करता आले आणि कुठल्या तिमाहीचे कागद शोधायचे ते सांगता आलं. खरा उपयोगी पडला दवाखान्याचा कागद. सप्टेंबर १९८८ मध्ये आबांना कावीळ झाली आणि मद्रासच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये आणलं. त्या डिस्चार्ज स्लिपवर युनिटच्या रकान्यात त्याच दुसऱ्या पलटणीचं नाव आहे, तारीख आहे, आबांचा नंबर आहे. अशा स्लिपा लोक टाकून देतात. आमच्या आईने ती रेशनकार्डात ठेवली होती म्हणून वाचली.

शिवाय माजी सैनिकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून तेव्हाचे कॅप्टन साहेब सापडले, आता निवृत्त कर्नल. आबांचं नाव सांगितल्याबरोबर त्यांनी आबांच्या गाडीच्या शिट्टीसारख्या वाजणाऱ्या ब्रेकची आठवण सांगितली. दुसऱ्या दिवशी सहीचं प्रमाणपत्र आलं : हा ड्रायव्हर फेब्रुवारी ते सप्टेंबर १९८८ माझ्या हाताखाली होता.

आता पत्राच्या मजकुराबद्दल. आधीच्या सगळ्या पत्रांत मी 'मेडल मिळावे ही विनंती' असं लिहीत होते. मेडल द्यायचा अधिकार त्या टेबलाला नसतो, म्हणून पत्र पुढे ढकललं जातं. या वेळी पलटणीला एवढंच लिहिलं : आपल्या युनिटने स्पेशल सर्व्हिस मेडलसाठी पाठवलेल्या नॉमिनल रोलमध्ये (नावांच्या यादीत) अटॅच्ड ड्रायव्हरांची नावं तपासावीत आणि सापडल्यास त्या पानाची प्रत द्यावी. नाव, ट्रेड (फौजेतलं काम), गाव, महिने, सगळं लिहिलं.

सात आठवड्यांत उत्तर आलं. सोबत टाईप केलेल्या जुन्या यादीची झेरॉक्स. अनुक्रमांक ४१ : आबांचं नाव बरोबर, ट्रेड बरोबर आणि आर्मी नंबरात ३ च्या जागी ८. कार्बन कॉपीवर ३ फुगून ८ झाला असेल किंवा टाईप करणाऱ्याचं बोट चुकलं असेल. मेडलसाठी आबांचं नाव गेलं होतं. चौतीस वर्षांपूर्वीच गेलं होतं. तो नंबर रेकॉर्डमध्ये जुळला नाही आणि यादीतली ती ओळ तशीच पडून राहिली.

मला वाईट याचं वाटतं की ही चूक पकडायची सोय फौजेतच आहे. आर्मी नंबराच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं आणि ते आधीच्या आकड्यांवरून ठरतं. एक आकडा बदलला की अक्षर जुळत नाही. यादीत अक्षर आबांचंच होतं, आकडा चुकीचा होता. कोणी दोन मिनिटं ताडून पाहिलं असतं तर १९८९ सालीच उलगडा झाला असता. तुम्ही जेव्हा जेव्हा नंबर लिहाल तेव्हा शेवटचं अक्षर सोडू नका आणि शोध घ्यायला सांगताना फक्त नंबरावर घेऊ नका, नाव-ट्रेड-गावावर घ्या असं स्पष्ट लिहा.

पुढचं पटकन झालं. जुलै २०२३ मध्ये शीट रोलचं पान, यादीचं पान, दवाखान्याची स्लिप, कर्नल साहेबांचं प्रमाणपत्र आणि आबांचं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज केला. दोन महिने हालचाल दिसेना तेव्हा केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवली, मग फाईल हलली. शीट रोल वाचताना आणखी एक गोष्ट कळली : आईची जन्मतारीख तिथे वेगळी आणि आधारवर वेगळी होती. तीही दुरुस्त करून घेतली. जवान हयात आहे तोवर हे सहज होतं. तो गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी बाईला एकटीला हेलपाटे घालावे लागतात, म्हणून मेडलची भानगड नसली तरी शीट रोल एकदा मागवून पत्नीचं नाव आणि तारीख नक्की बघा.

नोव्हेंबरात रजिस्टर्ड पार्सलने मेडल आलं. आबांनी देव्हाऱ्यातलं भिंग आणलं आणि कडेवरचा नंबर एकेक आकडा करत मोठ्याने वाचला. तीन आला तेव्हा थांबले, पुन्हा वाचला, मग शेवटचं अक्षर वाचलं.

डिस्चार्ज बुकातली नोंद मात्र मूळ पुस्तकावरच होते. ते पोस्टाने पाठवा असं पत्र होतं. आबांनी नकार दिला आणि मला तो पटला. मूळ पुस्तक हातातून सोडावंच लागलं तर आधी सगळ्या पानांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चौदा तास, पुन्हा तेच बाकडं. या वेळी खिडकीत एक तरुण नायब सुभेदार होता. त्याने आबांना आत बोलावून खुर्ची दिली, ऑर्डर बघितली, मेडलांचं पान उघडलं आणि पाचव्या ओळीखाली सहावी लिहिली : स्पेशल सर्व्हिस मेडल, श्रीलंका. सही केली, गोल शिक्का मारला. शाई ओली होती. आबांनी पुस्तक मिटू दिलं नाही, ती वाळेपर्यंत दोन्ही हातांनी उघडं धरून बसले.